परकर चालतो, चणिया चालतो. मग स्कर्टपाशीच का अडायचं?

पत्र थोडक्यात:

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. वय ३८, उंची पाच फुटांच्या जेमतेम वर, दोन बाळंतपणं झालेली. कंबर ३२ इंच, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ४३. आजवरची नोकरी सलवार-कुडत्यात झाली. आता अलकापुरीतल्या ऑफिसात बदली झाली आहे आणि तिथल्या बऱ्याच जणी स्कर्ट-शर्टात येतात. हिलाही मनापासून घालावासा वाटतो. तीन स्कर्ट घेऊन झाले: एक काळा पेन्सिल स्कर्ट, एक मोतिया रंगाचा प्लीट्सचा मिडी आणि एक छापील लांब स्कर्ट. सकाळी घालते, आरशात पाहते, उतरवते आणि पुन्हा कुडता चढवते. नणंद म्हणाली, "तुझ्या अंगाला नाही गं जात, तू साडीतच छान दिसतेस." मोबाइलवरच्या एका व्हिडिओनं सांगितलं की तिचा 'पेअर शेप' आहे, म्हणजे नासपतीसारखं वर अरुंद आणि खाली रुंद अंग, त्यामुळे प्लीट्स नकोत, पेन्सिल नको, छापील तर नकोच. सासूबाई काही बोललेल्या नाहीत, पण त्यांना काय वाटेल ही धाकधूक आहे. नवरा "तुला हवं ते घाल" म्हणतो. ती विचारते, "आधी आठ किलो वजन उतरवू आणि मग स्कर्ट घालू का? की यातले कुठले कुणाला देऊन टाकू?" जाता जाता तिनं असंही लिहिलं आहे की नवरात्रीत ती नऊही रात्री चणिया-चोळी घालून गरबा खेळते.

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातल्या त्या गरब्याच्या वाक्यापाशी मी थांबले. नऊ रात्री, हजारो लोकांच्या गर्दीत, घेरदार चणिया घालून तुम्ही गिरक्या घेता आणि तेव्हा सीटचं माप तुमच्या मनातही येत नाही. त्याच तुम्ही सकाळी काळा स्कर्ट घालून आरशासमोर उभ्या राहता तेव्हा तुम्हाला सीटशिवाय दुसरं काही दिसत नाही. अंग तर तेच आहे. दोष अंगाचा असता तर तो चणियातही दिसला असता.

मग चणियात असं काय असतं? त्याची कंबर नाड्यानं बांधतात, म्हणून तो तुमच्या कंबरेवर, तुम्हाला हवा तेवढाच घट्ट बसतो. कापड सीटवरून खाली ओघळतं, सीटला आवळत नाही. चोळी कंबरेच्या वर संपते, त्यामुळे अंगातला सगळ्यांत बारीक भाग झाकला जात नाही. आणि लांबी तुम्हाला उभं करून, तुमच्या पायाला लावून ठरवलेली असते. आता साडीखालचा परकर आठवा. सहा कळ्या, वर अरुंद, खाली रुंद. दुकानात ज्याला ए-लाइन स्कर्ट म्हणतात त्याचं कटिंग जवळजवळ हेच. ते नाव पॅरिसच्या क्रिस्तियाँ दिओर यांनी १९५५ मध्ये आपल्या कपड्यांना दिलं. कळीदार घागरे गुजरात-राजस्थानात त्याच्या कितीतरी आधीपासून शिवले जात होते. तेव्हा स्कर्ट हा तुमच्यासाठी परका कपडा नाही. तुम्ही तो वर्षानुवर्षं घालता आहात, फक्त तो तुमच्या मापानं शिवलेला होता.

तयार स्कर्टचं तसं नसतं. कारखाना कंबर आणि सीट यांच्यातला फरक ठरावीक धरून चालतो. तुमच्यात तो ११ इंचांचा आहे. कंबरेच्या मापानं घेतलात तर सीटवर आवळणार, सीटच्या मापानं घेतलात तर कंबरेवर सुटणार. हा हिशोब आहे, यात तुमचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडचे मापांचे तक्ते बरेचसे परदेशी तक्त्यांवर बेतलेले आहेत. म्हणून तर निफ्ट या फॅशन-शिक्षणाच्या सरकारी संस्थेनं 'इंडियासाइझ' प्रकल्पात सहा शहरांतल्या २५ हजार माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घेण्याचं काम हाती घेतलं. ज्या तक्त्यात आपलं माप धरलेलंच नाही, त्या तक्त्यानं शिवलेला स्कर्ट बसत नाही म्हणून स्वतःवर खट्टू होण्याचं कारण नाही.

फळांच्या नावांनी अंगाची वर्गवारी करणारे व्हिडिओ मीही पाहते, आणि त्यांच्यावर माझा विश्वास नाही. समोरून उभं राहून दिसणारी बाह्यरेषा तेवढी ते बघतात. तुमचं धड लांब आहे की पाय, पोट वर आहे की ओटीपोटाशी, दिवसातले आठ तास तुम्ही बसून असता की उभ्या, यातलं काहीच त्यांना ठाऊक नसतं. शिवाय सगळ्या बायकांना उंच आणि सडपातळच दिसायचं आहे, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. तुम्हाला तसं दिसायचं आहे का? खरंच दिसायचं असेल तर त्यातही काही वावगं नाही, त्याचेही मार्ग आहेत. पण तुमचं पत्र वाचून मला वाटलं, तुम्हाला ऑफिसात नीटनेटकं दिसायचं आहे आणि दिवसभर कपड्याकडे लक्ष जाऊ नये असं वाटतं. ही इच्छा वेगळी आहे. तिच्यासाठी सीट लपवावी लागत नाही, कपडा बसता करावा लागतो.

आता तुमच्या तिन्ही स्कर्टांकडे वळते.

काळा पेन्सिल स्कर्ट घालून खुर्चीवर बसा आणि मांड्यांकडे बघा. आडव्या सुरकुत्या पडत असतील तर तो सीटवर तोकडा आहे. चालताना वर सरकतो, कंबरेशी वळ्या होतात, सारखा खाली ओढावा लागतो, ही सगळी त्याचीच लक्षणं. न ताणणाऱ्या कापडाच्या सरळ स्कर्टाला सीटच्या मापापेक्षा निदान दोन इंच ढिल हवी. बसल्यावर आपण पसरतो, म्हणून सीटचं माप बसूनही घ्यावं आणि दोहोंतलं मोठं ते धरावं. शिलाईत मार्जिन असेल तर शिंपी दोन्ही बाजूंनी उसवून इंचभर मिळवून देईल. नसेल तर हा स्कर्ट तुमचा नाही. पुढचा घेताना सीटच्या मापाचा घ्या आणि कंबर मागच्या बाजूनं दोन डार्ट (निमुळत्या चिमटीच्या शिलाया) टाकून आत घ्या. हे काम मोठं नाही, खर्चही फार नाही, पण त्यानंतर तो स्कर्ट ओळखू येणार नाही इतका बदलतो. मागची स्लिट जिन्याची पायरी चढता येईल इतकी हवी, आणि ती दुकानातच चढून बघायची. पेअर शेपला पेन्सिल वर्ज्य हा नियम कुणी केला मला माहीत नाही. नीट बसलेला पेन्सिल स्कर्ट भरलेल्या सीटवर फार सुंदर दिसतो.

छापील लांब स्कर्ट मला तिघांत सगळ्यांत होतकरू वाटतो. तुम्ही लिहिता की त्यात पोट पुढे दिसतं आणि तो जमिनीवर लोळतो. लोळतो, कारण तो तुमच्याहून चार-पाच इंच उंच बाईसाठी कापला आहे. पोट दिसतं ते सगळीकडून घातलेल्या इलॅस्टिकमुळे. चुण्यांचा गठ्ठा नेमका पोटावर येतो. शिंप्याला सांगा, पुढे सपाट पट्टा आणि इलॅस्टिक फक्त मागे. पुढच्या चुण्या निघाल्या की तोच स्कर्ट सरळ पडेल. लांबी घोट्याच्या हाडाशी आणा, चपलेवर अर्धा इंच सोडून. कापताना मात्र खालची पट्टी किंवा काठाचं डिझाइन जाणार नाही ना, हे बघा. जात असेल तर तो वरून, कंबरेकडून आखूड करायला सांगा. आणि छाप मोठा की लहान याची काळजी सोडा. मोठ्या फुलांनी बाई मोठी दिसते असं म्हणतात, पण कापड ताणलेलं नसेल तर फुलं फुलांसारखीच दिसतात.

प्लीट्सचा मोतिया मिडी. याचा निकाल मी शेवटी देते.

त्याआधी लांबीबद्दल जरा सविस्तर, कारण कमी उंचीच्या आपल्या वाचकांपैकी अनेकींचं घोडं इथेच अडतं. स्कर्ट कुठल्या प्रकारचा आहे यापेक्षा तो पायावर कुठे संपतो, यानं जास्त फरक पडतो. पोटरीच्या सगळ्यांत जाड जागी कड आली की पाय आखूड आणि जड दिसतो. तीच कड गुडघ्याखाली दोन बोटं आली किंवा पोटरी निमुळती होऊन घोट्याकडे जाते तिथे आली, तर पाय सुटसुटीत दिसतो. उंच बाईला पोटरीच्या खालच्या भागात येणारा मिडी तुम्हाला वेगळ्याच जागी येतो. यासाठी घरी एक गोष्ट करा. एखादी जाडसर ओढणी कंबरेला गुंडाळा, ऑफिसच्या चपला घाला आणि आरशासमोर ती इंच इंच वर-खाली करा. दोन-तीन जागा अशा सापडतील की तुम्हालाच पटेल, इथे बरं दिसतं. कंबरेपासून तिथवरचं माप टेपनं घ्या आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढे स्कर्ट विकत घेताना, शिवताना तीच तुमची मापं.

तयार स्कर्टांच्या भानगडीतून सुटायचं असेल तर एक शिवूनच घ्या. बडोद्यात राहून हे न करणं मला पटत नाही. मंगळ बाजारात, नव्या बाजारात कापडाला तोटा नाही आणि कळ्यांचं कटिंग इथल्या शिंप्यांच्या हातात बसलेलं आहे. तुम्हाला सगळ्यांत छान बसणारा परकर नमुना म्हणून सोबत न्या. सहा कळ्यांचा, खाली ७५ ते ८० इंच घेराचा, नाड्याऐवजी दीड इंची पट्टा, बाजूला चेन, आणि आठवणीनं दोन खिसे. गुडघ्याखाली येणाऱ्या लांबीला ४४ इंच पन्ह्याचं दोन मीटर कापड पुरतं. डिझाइन एकाच दिशेचं असेल तर अडीच घ्या. अजरख मिळालं तर उत्तमच. कच्छच्या अजरखपूर-धमडक्याचं ते गडद निळं-लाल सुती कापड ऑफिसात शोभतं आणि धुण्यात टिकतं. शिवायच्या आधी मात्र एकदा पाण्यातून काढा, सुती कापड आटतं. नवरात्रीच्या आधी शिंपी नवं काम सहसा हाती धरत नाहीत, तेव्हा भाद्रपद लागायच्या आत देऊन टाका.

बडोद्याच्याच राजघराण्याची लेक, सयाजीराव आणि चिमणाबाईंची मुलगी, पुढे कूचबिहारच्या महाराणी झालेल्या इंदिरादेवी. भारतात शिफॉनची साडी रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. फ्रान्सहून त्या साड्या खास करवून घेत. एवढं वैभव आपल्याकडे कुठलं! पण बाजारात मिळेल त्यात अंग कोंबण्यापेक्षा आपल्याला हवं ते सांगून करून घ्यायचं, ही रीत या गावाला नवी नाही.

पूर्ण गोल घेराचा स्कर्ट तुमच्या अंगाला विशेष छान जाईल, असं मला वाटतं. त्यात कंबरेवर एकही चुणी नसते आणि खाली भरपूर घेर असतो. कंबरेच्या मापाला ६.२८ नं भागलं की मधल्या गोलाची त्रिज्या मिळते. तुमच्या ३२ ला साधारण पाच इंच. २६ इंच लांबीला सव्वातीन ते साडेतीन मीटर कापड जातं, म्हणून तो महाग पडतो. अर्ध्या गोलाचा केला तर दोन-सव्वादोन मीटरमध्ये होतो आणि ऑफिससाठी तोच बरा. गोल घेराचं काही कापड तिरप्या धाग्यावर येतं आणि लटकून लांबतं. तेव्हा शिंप्याला एक दिवस टांगून ठेवायला सांगा आणि मगच कड दुमडायला लावा, नाहीतर दोन धुण्यांत कड वरखाली होते.

वर काय घालायचं, याचं उत्तर चोळीत आहे. सीटच्या ऐन रुंदीवर संपणारी कुडती त्या जागी आडवी रेघ ओढते. शर्ट आत खोचा, निदान पुढून, किंवा कंबरेच्या हाडाशी संपणारी आखूड कुडती शिवून घ्या. गडद स्कर्टच हवा असं काही नाही.

तुमच्यासारखी ठेवण नसलेल्या वाचकांसाठीही दोन शब्द. पोट भरलेलं आणि सीट कमी असेल तर कंबरेपासून सुटणाऱ्या प्लीट्स टाळा; पुढे सपाट पट्टा, बाजूला चेन आणि सरळ पडणारा, जरा जाडसर कापडाचा स्कर्ट बघा. अंग सरळ, किडकिडीत असेल तर चुण्या, थर, मोठे खिसे हे सगळं तुमच्यासाठीच आहे. साठीच्या पुढच्या मैत्रिणींनी गुंडाळायचा रॅप स्कर्ट घेताना आतला पदर निदान एक वीत एकावर एक येतो ना ते पाहावं, आणि आतून एक हूक लावून घ्यावा.

आता ज्या गोष्टी कुणी बोलत नाही त्या. आपल्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि स्कर्टात मांड्या घासून सोलवटतात. कित्येकींनी स्कर्ट सोडला तो याच कारणानं, आणि मनात मात्र 'आपल्याला शोभत नाही' असं धरून बसल्या. आतून अर्ध्या मांडीपर्यंतची सुती शॉर्ट्स घाला, प्रश्न मिटतो. अस्तर पॉलिएस्टरचं असेल तर उन्हाळ्यात बदलून मलमलीचं लावा. हिवाळ्यात सिंथेटिक स्कर्ट पायाला चिकटतो, तेव्हाही आतलं सुती अस्तरच उपयोगी पडतं. आणि स्कूटर! ऑफिसला तुम्ही ॲक्टिव्हानं जाता, असं लिहिलं आहे. घेरदार स्कर्ट वाऱ्यानं उडतो, आणि मागे बसणारीचा घेर चाकात जाण्याचा खरा धोका असतो. घेर पुढे घेऊन मांड्यांखाली दाबून बसा, लांब स्कर्ट असेल तर गाडीवर बसण्याआधी एका बाजूला गाठ मारा. मागे बसायची वेळ आली की साडी-गार्ड नसलेल्या गाडीवर लांब स्कर्ट घालून बसूच नका.

आठ किलोंचं म्हणाल तर, वजन उतरवायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलून, तब्येतीसाठी ठरवा. रोज कमाटीबागेत चाला, चांगलंच आहे. पण त्याचा स्कर्टाशी संबंध जोडू नका. उद्या सकाळी ऑफिसला जायचं आहे ते आजच्या अंगानं. शिवताना दोन्ही बाजूंना इंच इंच मार्जिन ठेवायला सांगा आणि पट्ट्याला दोन जागी हूक लावून घ्या, म्हणजे अंग थोडं कमी-जास्त झालं तरी तोच स्कर्ट चालेल. वजन उतरल्यावरही सीट आणि कंबर यांच्यातला फरक बराचसा तसाच राहण्याची शक्यता आहे. ती तुमची हाडापेराची ठेवण आहे. तेव्हा हे सगळं कटिंगचं ज्ञान तेव्हाही लागणारच.

नणंदेच्या बोलण्याचा राग धरू नका. त्यांनी पाहिला असेल तो न बसणारा स्कर्ट, आणि न बसणारा कपडा कुणाच्याच अंगाला जात नाही. पुढच्या वेळी शिंप्याकडे जाताना त्यांनाच सोबत न्या. मापं घेताना मागून बघायला कुणीतरी लागतंच. सासूबाईंबद्दल तुम्ही मनात जे धरलं आहे ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. सरळ विचारा, "आई, ऑफिसला हा घालून जाऊ का? कसा दिसतो?" त्यांना नाही आवडला तर तसं म्हणतील, मग काय अडतं ते बोलता येईल. लांबी अडत असेल तर घोट्यापर्यंतचा स्कर्ट आहेच. पण न विचारता त्यांच्या वतीनं नकार ठरवून टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे. पहिला दिवस म्हणून शनिवार निवडा, ऑफिसात माणसं कमी असतात आणि संध्याकाळी घरी लवकर येता येतं.

राहिला तो मोतिया प्लीट्सचा. भर दिवसा खिडकीसमोर, सरळ उभ्या राहून कुणालातरी बाजूनं बघायला सांगा. नुसतं उभं असताना सीटवर प्लीट्स उघडत असतील तर तो एका मापानं लहान आहे. प्लीट्सच्या स्कर्टला सीटच्या मापाच्या तिप्पट कापड लागतं. तेवढं त्यात नसेल तर शिंपीही काही करू शकत नाही, कारण मशीनवर उष्णता देऊन पक्क्या केलेल्या प्लीट्स उसवून पुन्हा घालता येत नाहीत. तसं असेल तर तो बिनधास्त कुणाला तरी देऊन टाका. उघडत नसतील तर कंबरेपासून सात-आठ इंच खालपर्यंत प्रत्येक प्लीट आतून टिपून घ्या, आत अंगाच्या रंगाचं अस्तर लावा. पांढरं लावलंत तर ते बाहेरून उठून दिसेल. काळ्या स्कर्टाचं मार्जिन आधी उलटून पाहा, आणि छापील स्कर्ट याच आठवड्यात शिंप्याकडे द्या.